पंपाच्या खोलीमागचा पूर्णगड

किल्ल्याखालच्या आमच्या पूर्णगड गावात चिंचेगणिक एक भूत आहे म्हणतात. साठी उलटली तरी माझ्या वाट्याला एकही आलं नाही, त्यामुळे असल्या गोष्टींना मी हसतच आले. आता मीच लिहायला बसलेय... तुम्ही हसलात तर रागावणार नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, नोकरीला मुंबईत गेला तो तिथलाच झाला. रिटायर झाल्यावरही मुलाकडेच राहिला. सुट्टीत आला की मी विचारायची, "कायमचा कधी येतोस?" "येतो गो, येतो," म्हणायचा. आणि परत जाताना पिशवीत जांभ्या दगडाचे तुकडे भरायचा. कशाला, ते कधी सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी, गडाच्या पायथ्याच्या मारुतीला हात जोडून मी वारा खायला वर गेले. दर्याकडच्या दरवाजात दादा बसलेला. दोन्ही हात ओल्या सिमेंटने बरबटलेले.

"कधी आलास रे?"

"हा काय, आत्ताच."

हातांचं विचारणार होते. पण आमच्याकडे चाकरमानी आला की आधी त्याच्या पोटाचं बघायचं, चौकश्या मागाहून. म्हटलं, "बांगडे घेतलेत, कालवण टाकते. तू ये सावकाश."

"बस गो वाईच. कालवण काय पळून जातंय?"

"तू ये तर," म्हणत मी उतरलेसुद्धा.

तिरफळं घालून कालवण उकळत होतं, तेव्हा भाच्याचा फोन आला. "आत्या, बाबा गेले... आत्ताच, दुपारी."

"अरे, तो इथे गडावर बसलाय," मी म्हटलं. तो रडायलाच लागला. मी धावत वर गेले. दरवाजात कोणी नव्हतं.

मुंबईला गेल्यावर भाच्याने मला बिल्डिंगच्या मागे नेलं. पंपाच्या खोलीआड, कमरेएवढा, आमचा पूर्णगड — बुरूज, तट, मारुतीसुद्धा. एका दिवाळीत बिल्डिंगमधल्या पोरांबरोबर दादानेही मातीचा किल्ला केला होता म्हणे. दिवाळी सरल्यावर पोरांनी त्यांचे मोडले, दादाने मात्र स्वतःचा जांभ्याने बांधायला घेतला. दर्याकडचा दरवाजा तेवढा बांधायचा राहिला होता. त्या दुपारी दरवाजाचे दगड लावतानाच दादा तिथे टेकून बसला, तो उठलाच नाही.

"हातांचं सिमेंट आम्ही अंघोळ घालताना काढलं," भाचा म्हणाला. मी त्याच्याकडे हातांबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं.

आमचे हे म्हणतात, भास झाला. असेल... डॉक्टरही तेच म्हणाले. मला काही उलगडा झालेला नाही, होईल असंही वाटत नाही. भुताखेतांवर माझा अजून विश्वास नाही.

वाईट एवढंच वाटतं — इतकी वर्षं ज्याला ये ये म्हणत होते तो आला, मला जवळ बस म्हणाला, आणि मी बांगडे साफ करायला गेले.