आधी पाना, मग झारी

ते आमच्या मालकांचे थोरले चिरंजीव. हैदराबादेत कॉम्प्युटरच्या मूळ प्रोग्रामवर काम करायचे. आमच्यापैकी कुणी तसलं यंत्र पाहिलेलंही नव्हतं. सुट्टीला सोलापुरात आले की मागांच्या शेडमध्ये हात पाठीमागे बांधून फिरायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणायचे.

शेडमध्ये पाना एक आणि तेलाची झारी एक. एकदा माझ्या हाती पाना होता, शेजारच्या विणकराकडे झारी, आणि दोघांनाही दोन्ही हवं होतं. "तू दे की आदी!" म्हणत आम्ही अडून बसलो. दोन्ही माग बंद, म्हणजे मजुरी बंद.

"कॉम्प्युटरमध्येही दोन कामं अशीच अडून बसतात," ते म्हणाले. "म्हणून तिथं आम्ही क्रम ठरवून देतो. आधी पाना. तो हातात आल्याशिवाय झारीला शिवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी पाना घेतला, तोच मालकांनी झारी उचलली आणि माझ्याकडे पाना मागितला. मी देणारच होतो.

चिरंजीवांनी वडिलांपुढे झारीसाठी हात केला. वडिलांना ते तेलुगूत 'नायना' म्हणायचे. "नायना, आधी पाना."

"माग माझे हायत!"

"नायना, आधी पाना."

मालकांनी झारी दिली. ती माझ्या हातात आली आणि मालक माझ्यामागे पान्यासाठी उभे राहिले. जन्मात इतक्या घाईनं मी नट आवळला नाही.