हिरामावशीच्या चालीनं

कुसगावच्या रस्त्यानं काशिनाथआबा निघाले की थोडं चालून थांबत आणि समोर जे असेल ते न्याहाळत राहत. कधी हॉटेलची पाटी, कधी कुणाच्या परसातलं पपईचं झाड. नवख्याला वाटावं, म्हातारा मोठा हौशी दिसतो. खरं म्हणजे त्यांच्या पोटऱ्या भरून येत, पाऊल उचलेनासं होई. ते लोकांना कळू नये म्हणून त्यांचं हे बघणं चाले.

लोणावळ्याच्या एका लहान दवाखान्यात मी फिजिओथेरपीचं काम करते. डॉक्टरांनी आबांना तपासून माझ्याकडे धाडलं. वर्षानुवर्षांच्या विड्यांनी पायांतल्या रक्तवाहिन्या आक्रसल्या होत्या. चालताना स्नायूंना रक्त पुरत नव्हतं. मी त्यांना व्यायाम सांगितला : चालायचं, पोटरी चांगली दुखायला लागली की थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा चालायचं. आबांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"ताई, दुखतंय म्हनून आलो, आन् तुमी म्हंता दुखंस्तवर चाला."

मी समजावलं, की असं रोज चाललं की स्नायू थोडक्या रक्तात काम करायला शिकतात, बारीक रक्तवाहिन्याही वाट मोकळी करतात. मात्र विडी सुटली पाहिजे. विडीचं नाव काढल्यावर बहुतेक म्हातारे पुढच्या वेळी येत नाहीत. आबा आले. खिशातलं बंडल दवाखान्याच्या दारातच टाकून आल्याचं त्यांनी सांगितलं. नंतर कितीतरी दिवस ते चिडचिडे होत, पण येत राहिले.

एवढी जिद्द कशासाठी, ते एकदा त्यांनीच सांगितलं. दवाखान्यामागच्या गल्लीत आम्ही फेऱ्या मारत होतो. बायकोइतकं भरभर चालायला आपल्याला किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

त्यांची बायको हिरामावशी. तिला काही आठवेनासं होत चाललं होतं. नवरा, मुलगा, घर, सगळं पुसलं गेलं, फक्त परंदवडीचं माहेर उरलं. रोज दुपारी ती लुगडं नीट करायची आणि जुन्या हायवेनं माहेराकडे निघायची. पाय मात्र तिचे तरण्या पोरीसारखे. आबा मागून हाका मारत राहायचे, पोटऱ्या धरून खाली बसायचे, आणि ती दिसेनाशी व्हायची. एकदा ती थेट कार्ला फाट्यावर सापडली, ट्रकांच्या वर्दळीत. मुलगा दत्ता कंपनीत पाळीला जायचा. त्यानं शेवटी दाराला बाहेरून कडी लावायचं ठरवलं, तेव्हा आबा त्याच्यावर पहिल्यांदाच ओरडले.

"दावं गुराला बांधत्यात, तिला न्हाई," ते मला म्हणाले. "तिला जायाचंय तर जाऊ दे. म्या संगं पायजे, येवढंच."

दिवाळीपर्यंत आबांच्या चालण्यात फरक पडला. थांबे कमी झाले. मग त्यांनी दवाखान्यातल्या फेऱ्या सोडल्या आणि हिरामावशीबरोबर चालायला लागले. एका दुपारी मीही गेले. मी मागे, पुढे मावशी आणि गाड्यांच्या बाजूनं तिच्या बरोबरीला आबा. वाकसईच्या अलीकडे तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"पाव्हणं, तुमी कुटं निघालाव?"

"तुमच्याच वाटंनं."

तिला बरं वाटलं. वाटेला सोबत असावी, असं ती म्हणाली आणि भावाच्या लग्नाचं सांगत राहिली. आबा हुंकार देत होते. त्या लग्नाला ते स्वतः नवरदेवाचे मेहुणे म्हणून हजर होते. ती दमलीशी दिसल्यावर म्हणाले, आता सांज होईल, आमचं घर जवळच आहे, चहा घ्या, परंदवडीला उद्या जावा. मावशीनं जरा आढेवेढे घेतले आणि पाहुणीसारखी स्वतःच्याच घरी आली. हे रोजचंच होतं.

थंडीच्या अखेरीस मावशीला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. आबांनी चालणं सोडलं. पुढच्या पावसाळ्यात तेही गेले, हृदयविकारानं. रक्तवाहिन्या काही पायापुरत्याच आक्रसत नाहीत.

आमची शेवटची भेट मावशीनंतर महिन्याभरानं झाली. ते ओट्यावर बसून होते. मी चालण्याचा आग्रह केला, पाय कसे आहेत विचारलं.

"दुखत न्हाईत आता. चालतच न्हाई, तर दुखतील कसं?"

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. शेवटच्या खेपेला उतारावर त्यांची पोटरी भरून आली. ते दगडावर टेकले. मावशी पुढे गेली, थांबली, परत आली. बसा वाईच, दमलाव, म्हणाली. आणि शेजारी बसून त्यांची पोटरी चोळत राहिली.

ओळखलं का तुम्हाला, मी विचारलं.

"न्हाई वं ताई. पाव्हणाच समजत व्हती," आबा म्हणाले. "पन हात तिचाच व्हता."