नाडी मोजणारं घड्याळ

दुधगावच्या सुकुमार मगदुमांना जुनी डिजिटल घड्याळं जमवायचा लय नाद. कुठलं उंची सांगायचं, कुठलं पाण्याची खोली. एकाच्या पट्टीवर बोट टेकलं की ते नाडी मोजायचं.

परवा जेवताना त्यांच्या पत्नीला, गुणमालाबाईंना, घेरी आली. सुकुमारांनी त्यांचं बोट घड्याळावर टेकवलं. आकडा आला अडतीस.

"आवं, बिघडलं आसंल ते," त्या पुटपुटल्या.

सुकुमारांनी स्वतःचं बोट ठेवलं. बहात्तर! घड्याळ बरोबर होतं. त्यांनी लगेच गाडी बोलावून सांगली गाठली.

गुणमालाबाई रोज घ्यायच्या त्या रक्तदाबाच्या गोळीनंच नाडी मंदावली होती; डॉक्टरांनी ती बदलली. संध्याकाळी नाडी ताळ्यावर आली आणि गुणमालाबाईंनी डोळे उघडून विचारलं, "आवं, घराचं दार तरी लावलंय न्हवं?"

सुकुमारांचा जीव भांड्यात पडला.