विनयरावांची स्वतःची बग्गी

नेदरलँड्समध्ये गोल्फ चालत खेळतात. ऐंशीच्या घरातली माणसं बॅगेची चाकाची गाडी ओढत, वारा-पाऊस अंगावर घेत पूर्ण मैदान पायाखाली घालतात आणि वर क्लबहाउसमध्ये येऊन आज हवा बरी होती म्हणतात. विनय टिपणीस यांना हे मुळीच पसंत नव्हतं. चालायचंच असेल तर माणसाने कुत्रा पाळावा, गोल्फ कशाला खेळावा, असं त्यांचं म्हणणं.

विनयराव उइटहॉर्नला आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरात राहतात. एका बड्या कंपनीत सॉफ्टवेअरचे मॅनेजर आहेत. मी त्यांना राव लावते ते आदराने नव्हे. घरच्या फोनवरसुद्धा ते ‘टिपणीस बोलतोय’ म्हणतात, मग नुसतं विनय म्हणायला माझी जीभ वळत नाही. एकदा कामासाठी दुबईला गेले असताना त्यांनी साहेब लोकांना बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या बग्गीतून हिरवळीवर फिरताना पाहिलं. तेव्हापासून गोल्फ म्हणजे बग्गी, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. चेंडू ही त्यांच्या लेखी मधली कटकट आहे, आणि ते खेळतातही तसेच.

खरी खेळणारी त्यांची बायको, शर्मिला. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली, डच शिकली आणि आता आम्स्टेलव्हेनला एका हिशेबाच्या ऑफिसात नोकरी करते. ऑफिसातल्या बायकांनी तिला गोल्फला नेलं, तिने मला ओढलं. इथे मैदानावर पाय ठेवण्याआधी शिकवणी घेऊन परीक्षा द्यावी लागते. शर्मिला पहिल्या फटक्यात पास झाली. विनयराव पुन्हा पुन्हा बसले, आणि परीक्षकाचा आपल्यावर डूख होता असं अजूनही सांगतात.

पास झाल्या झाल्या त्यांनी बग्गी घेतली. क्लबच्या भाड्याच्या बग्गीत कोणीही बसून गेलेलं असतं म्हणे, म्हणून स्वतःची. आल्मेरेच्या एका माणसाकडून जुनीच घेतली, पण तिला क्रीम रंगाच्या गाद्या चढवल्या आणि पुढे स्वतःची आद्याक्षरं रंगवली. क्लबच्या पार्किंगमध्ये तिची यथासांग पूजा झाली. हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ फोडला. एक म्हातारे सभासद काळजीने जवळ आले आणि कोणाला लागलं तर नाही ना, असं विचारून गेले.

एवढं सगळं करताना विनयरावांनी क्लबचे नियम मात्र वाचले नव्हते. नियम कारकुनांनी वाचायचे असतात. क्लबचा नियम असा की खाजगी बग्गी मैदानावर आणायची तर ती वापरणाऱ्या खेळाडूला खरोखरच फार चालता येत नसलं पाहिजे. डॉक्टरांनी तसं सांगायला हवं, आणि दर वसंतात क्लब पुन्हा विचारणार. विनयराव तर ठणठणीत. हुइसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, ते पाठदुखी घेऊन गेले. त्या बाईंनी पॅरासिटामॉल घ्यायला आणि रोज चालायला सांगितलं. बग्गी क्लबच्या शेडमध्ये चार्जिंगला लावून पडून राहिली आणि विनयराव घरात कोणाशी धड बोलेनासे झाले.

त्याच हिवाळ्यात शर्मिला ओल्या पानांवर सायकलवरून घसरली. गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं. मी धावत गेले तेव्हा ती सोफ्यावर पाय वर करून बसली होती, चेहरा पांढरा पडला होता. विनयराव मात्र कित्येक महिन्यांनी हसतमुख दिसले. त्यांनी मला स्वतः चहा करून दिला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण त्या माणसाने त्या घरात कधी पाणी तापवलेलं मी पाहिलं नव्हतं. बायकोच्या गुडघ्यात त्यांना देव दिसला होता.

परवानगी शर्मिलाच्या नावाने मिळाली. ती खेळत असेल तरच बग्गी मैदानावर येणार, चालवणारा दुसरा असला तरी चालेल. मग काय विचारता. दर शनिवारी विनयराव पांढरी टोपी घालून स्टिअरिंगवर आणि शर्मिला बाजूला. मी मागून बॅग ओढत चालायचे. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक डच माणसाला ते हात उंचावून असे अभिवादन करायचे की जणू मैदान त्यांच्या आजोबांनी इनामात मिळवलंय. ती माणसं भली. बायकोसाठी किती करतो बिचारा, असं म्हणायची.

शर्मिलाची फिजिओथेरपी चालू होती. फिजिओ बाई कडक होती. दुखलं तरी चाल, मांडीत ताकद आली तरच गुडघा सावरेल, असं तिने बजावलं होतं. शर्मिला घरात जिना चढ-उतर करायची, बाजारात चालत जायची. हळूहळू सुधारणा दिसायला लागली, तशी विनयरावांच्या काळजीला भरती आली. जिना नको, बाजार नको, सामान घरपोच मागवू. फिजिओची वेळ नेमकी त्यांच्या मीटिंगच्या आड यायची, मग ते स्वतःच फोन करून ती रद्द करायचे. मैदानावर ती चेंडूपर्यंत चार पावलं नीट टाकून गेली की हलक्या आवाजात म्हणायचे, “जरा सांभाळून चाल, लोक बघतायत.”

आधी तिला ही माया वाटली. हेच मला सहन होत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा एकदाचा आपली काळजी करतोय, म्हणून ती बाई सुखावली होती. फेब्रुवारीत फिजिओने दोन्ही मांड्या मोजून दाखवल्या. दुखरी मांडी सुकत चालली होती. असंच बसून राहिलीस तर हा पाय जन्मभर अधू राहील, असं तिने तोंडावर सांगितलं. परतताना शर्मिला माझ्या गाडीत बसून शांतपणे म्हणाली, “ज्ञानदा, याला माझा पाय बरा व्हायला नकोय.”

मला ते आधीच कळलं होतं.

मार्चमध्ये क्लबच्या समितीचे हेंक कॉफीचे कप घेऊन आमच्या टेबलाशी बसले. परवानगीची मुदत संपत आली होती. त्यांनी शर्मिलाला अगदी साधेपणाने विचारलं, गुडघा कसा आहे? उत्तर विनयरावांनी दिलं. इंग्रजीत, लांबलचक, त्यात लिगामेंट आणि थंडी आणि भारतीय बायकांची हाडं असं सगळं आलं. हेंक ऐकून घेत शर्मिलाकडेच बघत राहिले. मग विनयराव तिच्याकडे वळून मराठीत म्हणाले, “जिना चढताना दुखतं ना तुला? सांग त्यांना.”

शर्मिलाने कप खाली ठेवला आणि डचमध्ये म्हणाली, “दुखतं. पण मला चालता येतं आणि चालायलाच हवं. बग्गीने माझं नुकसान होतंय. परवानगी नको.”

हेंकना आनंद झाला. त्यांनी तिचं अभिनंदन केलं, अगदी हात हातात घेऊन. विनयरावांनाही हात पुढे केला, बायको बरी झाली म्हणून. तो हात हातात घेताना विनयरावांचा चेहरा असा झाला होता की घरी येऊन मी नवऱ्याला दोनदा करून दाखवला.

शेडमधली जागा सोडावी लागली. ट्रेलरवर घालून बग्गी घरी आली. घरामागची बोळ अरुंद, त्यातून ती जाईना, म्हणून समोरच्या वीतभर बागेत शर्मिलाची हायड्रेंजियाची झुडपं उपटून तिथे उभी केली. आता संध्याकाळी विनयराव तिच्यात बसून फोनवर बोलतात. येणारे-जाणारे बघतात. त्यांना वाटतं कौतुकाने बघतात.

मी आणि शर्मिला शनिवारी चालत खेळतो. ती अजून मध्ये मध्ये थांबते, पट्टी घट्ट करते, पुन्हा निघते. परवा चौथ्या होलवर अशीच थांबली आणि घरातली बातमी सांगितली. विनयरावांच्या आई, लीलावतीबाई, पुण्याला एकट्या राहतात. गेली कित्येक वर्षं त्या एकदा तुझं घर बघू दे म्हणून मागे लागल्या होत्या, आणि दर वेळी, इथली थंडी तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, असं सांगून विनयराव टाळत होते. या आठवड्यात त्यांनी स्वतःहून फोन केला. गोल्फची परीक्षा देण्याला वयाची अट नाही, ही चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती. आईला त्यातलं काही सांगितलं नाही. फक्त गुडघे कसे आहेत विचारलं, आणि तिकीट काढतोय म्हणाले.

“आई रडल्या,” शर्मिला म्हणाली. “मला फोन द्यायला लावला आणि म्हणाल्या, विनयने आज पहिल्यांदा माझे गुडघे विचारले गं.”