अवधूतचे चार रंग

आमच्या बेलापुरात माणूस गेला की घरची मंडळी दहाव्याच्या आत माझ्या दुकानाची पायरी चढतात. मी सविता. फ्लेक्सचं मशीन माझं, वाढदिवसांचे आणि निवडणुकीचे बॅनरही मीच करते, त्यामुळे तालुक्यातल्या सगळ्या मिशा मला पाठ आहेत. पण गेलेल्या माणसाचं चित्र मात्र अवधूतच काढतो. आधार कार्डावरचा तो चोरासारखा आलेला फोटो समोर ठेवायचा आणि टॅबलेटवर पेन फिरवत त्यातून जिवंत माणूस उभा करायचा, हे त्याचं काम.

अवधूत शिक्षकाच्या घरातला, तिशीचा, मान खाली घालून बसणारा. त्याची एकच खोड मला सहन व्हायची नाही. कॉम्प्युटर लाखो रंग देतो आणि हा चारच घेऊन बसायचा: पांढरा, मातकट पिवळा, लाल, काळा. पडद्याच्या कडेला चार चौकोन, कायम त्याच क्रमानं. त्यातूनच चेहऱ्याचा गहूवर्ण निघायचा. पिवळ्यात काळा कालवला की तो लालाच्या शेजारी चक्क हिरवा दिसायचा. नुसता राखाडी ठेवला तरी गिऱ्हाईक म्हणायचं, वा, निळी पैठणी छान आलीय.

"अरे, माझी सासूसुद्धा मीठ-मिरची इतकी हात आखडून घालत नाही," मी त्याला चिडवायची.

"ताई, चार रंगांत माणूस मावतो. जास्त झाले की आपसांत भांडतात," तो म्हणायचा. मला ते जरा शिष्टपणाचंच वाटायचं.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. कानिफनाथ तात्या आणि त्यांची मुलगी रेश्मा दुकानात बसून होते. तात्यांची बायको बनुबाई गेली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवरेकाठी दहावा. सवाष्ण गेलेली बाई, तेव्हा कपाळी ठसठशीत कुंकू आणि हातभर हिरवा चुडा चित्रात हवाच, असं तात्यांनी बजावलं होतं. चेहरा आदल्या दिवशीच झाला होता. राहिलं होतं ते कुंकू आणि चुडा. संध्याकाळी छपाई करून द्यायची होती.

दुपारी अवधूत जेवायला गेला तेव्हा मी त्याच्या मशीनवरचा प्रोग्रॅम अपडेट केला. त्यात त्याचे चौकोन पुसले गेले. मी मोठी शहाणी, ते पुन्हा बसवले, आणि रोजची कटकट नको म्हणून चुड्याचा गडद हिरवा आपल्या मनानं वाढवला.

तो परत आला. पडद्याकडे पाहिलं आणि जागीच थांबला.

"ताई, हे पाच कसे?"

"तुझेच चार आहेत. शेवटी एक हिरवा टाकलाय. वापर की." मी मशीनवर रोल चढवत होते, मान वर करूनही पाहिलं नाही.

तो बसला. मागं तात्या खुर्ची ओढून अगदी खांद्याशी येऊन बसले होते. अवधूतनं पेन उचललं आणि नुसतंच धरून ठेवलं. थंडीच्या दिवसांत त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसला.

"तात्या, फोटोत हात नाहीत. आईंच्या एका हातात किती बांगड्या असायच्या?" त्यानं विचारलं.

"तुला काय करायच्यात मोजून?" तात्या खेकसले. "तू कुकू लाव आदी."

अवधूतनं डावीकडून तिसऱ्या चौकोनावर पेन टेकवलं आणि बनुबाईंच्या कपाळावर गोल, रेखीव टिळा लावला.

रेश्मानं तोंडावर पदर धरला. कुंकू हिरवं होतं. मी घाईघाईत हिरवा शेवटी नाही, तिसरा टाकला होता.

"थट्टा करतो व्हय रं, माज्या बायकूची?" तात्या ताडकन उठले.

अवधूत तसाच बसून होता. आपण काय केलं ते त्याला कळत नव्हतं, एवढं मात्र मला दिसत होतं. आणि चूक माझी असून मी त्याच्यावरच ओरडले, "डोळे फुटले का तुझे?" ते वाक्य आजही आठवलं की मला माझी लाज वाटते.

त्यानं पेन खाली ठेवलं. "फुटलेलेच आहेत, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून. भरतीच्या तपासणीत त्याच्यावरून काढलं मला. इथं चार जागा पाठ केल्या होत्या. तिसरी लालाची." मग तो तात्यांकडे वळला. "माफ करा. हिरवा मी कधी पाहिलाच नाही. पिवळ्यात काळा घातला की लोक हिरवा म्हणतात, तेवढंच मला माहीत."

ही गोष्ट आता गावात सगळ्यांच्या तोंडी होणार आणि त्याची रोजीरोटी जाणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. रेश्मानं पिशवी उचलली. "तात्या, चला. श्रीरामपूरला जाऊ, अजून दुकानं उघडी असतील."

तात्या पडद्याकडे बघत होते. डोळ्यांखालची सुरकुती, हनुवटीवरचा तीळ, हसू दाबताना बनुबाईंचा एका बाजूला दुमडणारा ओठ, सगळं तिथं होतं.

"बस खाली," ते मुलीला म्हणाले आणि स्वतःही बसले. बराच वेळ आपल्याच हातांकडे पाहत राहिले. "मगाशी यानं इचारलं, किती बांगड्या. मी खेकसलो. का, तर मला ठावंच न्हाई. एक्केचाळीस वर्सं त्याच हातानं तिनं मला ताट वाढलं. मला तर सगळं दिसत हुतं."

रेश्मा रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "सात. डाव्या हातात सात असायच्या. उजव्यात सहा."

तात्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि पडद्यावरच्या चौथ्या चौकोनावर बोट ठेवलं. "हा बघ लाल. घे."

अवधूतनं हिरवं कुंकू पुसलं आणि लाल लावलं. मग पिवळ्यात काळा कालवायला घेतला. मी घातलेल्या हिरव्याला त्यानं हातही लावला नाही. एकेक बांगडी पडद्यावर उमटत गेली, आणि तात्या अगदी जवळ वाकून त्या मोजत होते.