चहावाल्यावर संशय

इथे आखातात, बिन महमूद भागातल्या आमच्या इमारतीत समोरच्या दारी एक इजिप्शियन आजी राहतात. सगळे त्यांना हज्जा म्हणतात. मी ऑफिसातून येईपर्यंत माझी मुलगी त्यांच्याकडे असते, त्यामुळे त्यांची मर्जी राखणं हा आमच्या घरातला सगळ्यात गंभीर प्रोजेक्ट. म्हणून एका शुक्रवारी दुपारी त्यांनी आपला लाडका जुना गुन्हेपट बघायला आम्हा तिघांना बोलावलं, तेव्हा मला टेन्शनच आलं. खालच्या मजल्यावरचं केरळी कुटुंब तो आधी बघून आलं होतं. त्यांचं कुठे चुकलं कुणास ठाऊक, पण हज्जांचं त्यांच्याशी बोलणं तेव्हापासून खलास.

नवऱ्याला मी घरीच बजावलं, तोंड उघडायचं नाही. नाशिकच्या त्याच्या घरात असले सिनेमे बघायची रीतच अशी, की पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकाने खुनी जाहीर करायचा आणि नंतर काहीही झालं तरी मत बदलायचं नाही.

सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, पण फार देखणा. हवेलीत खून, घामाघूम इन्स्पेक्टर, भिंतीवर फिरणारी पंख्याची सावली. इंग्रजी सबटायटल्स मागे रेंगाळत होती, म्हणून चेहरेच वाचावे लागत होते. मी चक्क रंगून गेले. तेवढ्यात एक चहावाला आला, इन्स्पेक्टरपुढे पेला ठेवून निघून गेला. नवऱ्याला राहवेना.

"हाच," तो पुटपुटला.

हज्जांना मराठी येत नाही, तेवढाच आधार होता. पण आमच्या कन्येला मराठी सगळं कळतं आणि बोलायला मात्र इंग्रजीच सुचतं. बाबांच्या मते खून चहावाल्यानेच केलाय, हे तिने खणखणीत इंग्रजीत सांगून टाकलं.

हज्जांनी सिनेमा थांबवला. मी मनातल्या मनात पाळणाघर शोधायला लागले.

"ते माझे यजमान," त्या म्हणाल्या.

यजमान पोस्टात कारकून होते. सिनेमातलं हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं काम. तेव्हा सगळे नातेवाईक थिएटरात नेले, पण ते कुणाला दिसलेच नाहीत. इथेही शेजारीपाजारी सिनेमा बघायचे आणि नायिकेचं कौतुक करून घरी जायचे.

हज्जांनी तो प्रसंग पुन्हा लावला, मग आणखी एकदा. पेला ठेवताना यजमानांचा हात जरासा थरथरतो, हे तेव्हा कुठे मला दिसलं.

शेवटी खुनी निघाला हवेलीच्या मालकाचा मेव्हणा. हज्जा माझ्या नवऱ्याकडे वळल्या.

"पण तुम्हाला यांचा संशय आला होता ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"अजूनही आहे," तो म्हणाला.