शेवटच्या इंजिनाची खंडेनवमी

मी मुळात भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. विमानात पट्टा बांधला की रामरक्षा म्हणते. कौन्सिलचं पाकीट दारात पडलं की फोडण्याआधी घोटभर पाणी पिते. पण गेल्या खंडेनवमीला मी जी घाबरले, तशी जन्मात घाबरले नव्हते. तेही एका सुपारीपायी!

मी इंजिनं तपासते. पुण्याहून वर्क व्हिसावर इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये आले, त्याला तेव्हा चार वर्षं होत आली होती. आमची कंपनी छोटीशी, पण गाड्या बनवायची त्या मसल कार. लांब नाक, दोनच दारं आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचं धूड. अशी गाडी नुसती उभ्या उभ्या चालू ठेवली तरी शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरतात. रीडिंग गावातल्या माझ्या मैत्रिणी सगळ्या आयटीतल्या. त्या चिडवायच्या, "अगं, तुला बाईसारखं काही काम मिळालं नाही का?" मी म्हणायचे, "तुम्ही बसा तुमच्या एक्सेलपुढे." इंजिन गाडीत बसवण्याआधी आम्ही ते काचेच्या खोलीत, डायनो नावाच्या चौथऱ्यावर बांधून पळवून बघतो. तिथे ते पहिल्यांदा खाकरलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. आनंदाचा.

मग गेल्या वर्षी सांगितलं गेलं की पेट्रोलचं इंजिन बंद, यापुढे सगळ्या गाड्या विजेच्या. सांगायला फक्त अर्धा तास लागला, पण कारखाना बदलायला महिने लागले. रोज सकाळी आलं की काहीतरी नाहीसं झालेलं असायचं. आज सिलिंडर घासायचं मशीन गेलं, उद्या क्रँकशाफ्टचा रॅक. जमिनीत नुसती बोल्टांची भोकं उरायची. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बॅटरी जोडायची नवी लाइन उभी राहत होती, पांढऱ्या प्लास्टिकखाली झाकलेली. नवी गाडी आमच्या गाडीपेक्षा जोरात पळते, हे मी मान्य करते. आकडे मी स्वतः बघितलेत. पण ती गप्प असते म्हणून तिच्या बंपरमागे स्पीकर बसवणार होते, इंजिनाची रेकॉर्ड केलेली डरकाळी ऐकवायला. ऐकून मला हसू आलं, आणि मग लगेच भीती वाटली. डरकाळी रेकॉर्ड झाली की मला कोण विचारतंय?

कारण यादी निघणार होती. इंजिनवाल्यांपैकी कोणाला बॅटरीकडे घ्यायचं त्याची. ज्याचं नाव नाही, त्याला नारळ. इथल्या लोकांना नारळ मिळाला तर वाईट वाटतं, ते पबमध्ये जातात, दुसरी नोकरी शोधतात. माझं तसं नव्हतं. माझा व्हिसा कंपनीच्या नावावर आणि नवऱ्याचा न् मुलीचा माझ्या नावावर. नोकरी गेली की होम ऑफिसचं, म्हणजे व्हिसावाल्या सरकारी खात्याचं, पत्र येतं. मग साठ दिवस. त्यात व्हिसा काढून देणारी दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर बॅगा भरा. आणि मुलगी इयर इलेव्हनला, उन्हाळ्यात तिची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी. आठ महिने मी झोपेत दात खात होते, असं नवरा सांगतो.

तर खंडेनवमी. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये बाबा दर वर्षी लेथला हळदकुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे आणि त्या दिवशी मशीन चालू करायचे नाहीत. ज्या हत्याराने पोट भरतं त्याला एक दिवस नमस्कार, एवढंच. मला सुट्टी कोण देणार? पण गुपचूप पूजा मात्र मी दर वर्षी करायचे. चौथऱ्याच्या पायाला कुंकवाचं बोट, एक फूल, आणि गणपती म्हणून लंडनला हॅरोतल्या देशी दुकानातून आणलेली सुपारी. अक्षता नाहीत. दाणे सांडतात, एवढी अक्कल होती. टेस्ट खोलीच्या दारावरच लिहिलंय की आत नेलेली प्रत्येक वस्तू वहीत नोंदवा आणि मोजून बाहेर आणा. पेनाचं टोपण विसरलं तरी चौकशी होते. देवाची नोंद मी कधी केली नव्हती. काय लिहिणार, 'गणपती, एक नग'?

त्या दिवशी चौथऱ्यावर होतं ते शेवटचं इंजिन. खरोखरच शेवटचं. यानंतर काही नाही. माणसं कमी झाल्यामुळे माझा मॅनेजर स्वतःच पाना घेऊन काम करायचा. साठीला टेकलेला, सोळाव्या वर्षापासून इंजिनात हात घातलेला माणूस. हवेच्या पाइपाचा क्लॅम्प आणायला तो स्टोअरमध्ये गेला, तेवढ्यात मी आत शिरले. शेवटचं म्हणून यंदा चौथरा पुरेना मला! सुपारी सरळ इंजिनावर ठेवली, हवा आत जाते त्या तोंडाशेजारच्या सपाट पट्टीवर. डोळे मिटले. आणि बाहेर त्याचे बूट वाजले. फूल मुठीत घेतलं, पदर असता तर खोचला असता अशा घाईने बाहेर आले. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच.

त्याने पाइप बसवला, क्लॅम्प आवळला. आम्ही दोघं काचेअलीकडे टेबलाशी बसलो. त्याने इंजिन चालू केलं. मी सहज खिशात हात घातला. फूल होतं. सुपारी नव्हती.

दुसरा खिसा. नाही. बॅग, नाही. काचेतून बघितलं तर पट्टी मोकळी.

माझी पाचावर धारण बसली. पाइप बसवताना धक्का लागून ती हवेच्या तोंडात पडली असली तर? पहिली दहा मिनिटं इंजिन नुसतं गरम होत बसतं. तेव्हा हवेच्या तोंडातली झडप जवळजवळ मिटलेली असते, सुपारी त्या झडपेला टेकून बसेल. पण दहा मिनिटं संपली की आम्ही झडप सताड उघडतो. मग सुपारी आत ओढली जाणार, व्हॉल्व्ह मोडणार, तुकडे पिस्टनवर, आणि ज्या इंजिनाच्या जागी दुसरं बनवायला आता मशीनच नाही, त्याचा चुराडा. अगं बाई, काय करून बसलीस हे!

खाली पडली असेल, मी स्वतःला सांगितलं. कोपऱ्यात घरंगळली असेल. मग कशाला सांगायचं? सांगितलं तर चौकशी, रिपोर्ट, यादीत नावावर काट. आणि का ठेवली, तर पूजा करायला! कोण ऐकून घेणार? नाही सांगितलं आणि इंजिन फुटलं, तर तुकड्यांत सुपारी सापडणार. या कारखान्यात सुपारी दुसऱ्या कोणाची असणार, माझ्या डोंबलाची? मुलीचा चेहरा दिसत होता. पुण्यात कुठली शाळा तिला वर्षाच्या मध्यात घेणार? ती तर 'माझा परीक्षा' म्हणते! पडद्यावर तेलाचं तापमान चढत होतं. चार मिनिटं राहिली. तीन. मॅनेजर म्हणाला, "किती गोड वाजतंय ना?" आणि मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. दोन मिनिटं राहिली.

मी लाल बटण दाबलं.

इंजिन गपकन बंद पडलं. मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला. मी सगळं सांगितलं, एका दमात, धड वाक्यंसुद्धा न करता. तो आत गेला, पाइप सोडवला, दोन बोटं घातली आणि सुपारी बाहेर काढली. झडपेला टेकूनच बसली होती.

"जायफळ?" त्याने विचारलं.

"देव आहे," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

त्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर तारीख घातली आणि रिपोर्टचा फॉर्म काढला. मी चक्क हात जोडले. म्हटलं, माझी चूक आहे, कबूल, पण यादी निघेपर्यंत थांब, माझ्या मुलीचं वर्ष आहे. लाज वाटली नाही मला, खरं सांगते. भीतीपुढे कसली लाज.

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "हे लिहिलं तरी तुझं काही बिघडणार नाही."

मला हायसं वाटलं. मी त्याचे आभारसुद्धा मानले. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "ऐकून घे. यादी गेल्या शुक्रवारीच वर गेली. इंजिनवाल्यांपैकी एकालाही घेतलेलं नाही. उद्या सगळ्यांना सांगणार आहेत. मला बोलायची परवानगी नव्हती."

मी बसूनच राहिले. म्हणजे ती दहा मिनिटं मी जी वाचवायला धडपडत होते, ती नोकरी शुक्रवारीच गेली होती. शुक्रवारी आम्ही छोले केले होते, मला आठवतंय. त्यानंतर आम्ही इंजिन पुन्हा चालू केलं, कारण काम उरलं होतं. ते शेवटपर्यंत नीट पळलं. आकडे त्याने लिहिले.

घरी आले तेव्हा साडेपाच झाले होते. नवरा भाजी चिरत होता. मी त्याला हळू आवाजात सांगितलं. त्याने सुरी ठेवली. नोटीस पिरियड कधी संपतो ते विचारलं, बोटांवर मोजलं, त्यात साठ दिवस घातले.

"मार्च," तो म्हणाला.

मुलगी टेबलाशी गणितं सोडवत होती, कानात इअरफोन घालून. मी तिच्या खांद्याला हात लावला. "तुझी परीक्षा कधी सुरू होते गं?"

"मेमध्ये. का, आई?"

मी म्हटलं, "काही नाही. तू अभ्यास कर."